सौदीला निघालेल्या बाईने नेमकी कशाची काळजी करावी

नवऱ्याची नोकरी सौदी अरेबियात ठरली की घरातल्या बाईवर सल्ल्यांचा भडिमार सुरू होतो. मावशी म्हणते, तिथे डोक्यापासून पायापर्यंत काळे घालावे लागते. दिराचा मित्र सांगतो, बायकांना गाडी चालवू देत नाहीत. कुणीतरी काका नव्वदच्या दशकात जुबैलच्या रिफायनरीत काम करून आलेले असतात. ते मुतव्वांच्या, म्हणजे धर्मपोलिसांच्या, छडीच्या गोष्टी रंगवून सांगतात. या गोष्टी खोट्या नाहीत, शिळ्या आहेत.

एप्रिल २०१६ मध्ये धर्मपोलिसांचा अटक करण्याचा आणि पाठलाग करण्याचा अधिकार काढून घेतला गेला. २४ जून २०१८ पासून बायका रीतसर गाडी चालवू लागल्या. त्याच वर्षी सिनेमागृहे पुन्हा उघडली. २०१९ च्या अखेरीस हॉटेलांना ‘फॅमिली’ आणि ‘सिंगल’ अशी दोन वेगळी दारे ठेवण्याची सक्ती उरली नाही. एकट्या बाईला ओळखपत्र दाखवून हॉटेलात खोलीही मिळू लागली. २०२१ पासून नमाजाच्या वेळी दुकाने उघडी ठेवायला मुभा आहे. दहा वर्षांपूर्वी तिथून परतलेल्या माणसाचा अनुभव खरा असला तरी आजच्या सौदीत तो फारसा उपयोगी पडत नाही.

याचा अर्थ तिथे सगळे आपल्यासारखे झाले आहे असा नाही. पण बाया ज्याला घाबरतात ते एक असते, आणि प्रत्यक्ष अडवते ते दुसरेच. माझ्या पाहण्यात कपड्यांवरून अडचणीत आलेली बाई नाही. कागदावरच्या एका अक्षरावरून, चुकलेल्या तारखेवरून, औषधाच्या पट्टीवरून आणि मोबाईलमधल्या फॉरवर्डवरून अडलेल्या मात्र पुष्कळ. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

निघण्याआधी: नाव आणि कागद

पहिले काम विवाह नोंदणी प्रमाणपत्राचे. फॅमिली व्हिसाला ते लागतेच. पण पुढे बाळंतपणासाठी रुग्णालयात नाव घालतानाही मागतात, हे बहुतेकींना तिथे गेल्यावर कळते. लग्नाचा पुरावा नसेल तर प्रसूतीच्या दाखल्यापासून सगळे अडते. त्यामुळे मूळ प्रत सोबत हवी, बँकेच्या लॉकरमध्ये नको.

या प्रमाणपत्रावर पूर्वी शिक्क्यांची मालिका लागायची: राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी सौदी दूतावास. डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियाला दूतावासाच्या शिक्क्याशिवाय कागद मान्य करणारा अपोस्टिल करार लागू झाला. भारत त्यात २००५ पासून आहेच. म्हणजे आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, एवढ्यावर काम व्हायला हवे. तरीही एजंट जुन्या पद्धतीचे पैसे सांगतो. अशा वेळी नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरकडून आज नेमके काय चालते ते लेखी मागवा आणि तेवढेच करा. पदवीची प्रमाणपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले त्याच फेरीत अपोस्टिल करून घ्या. तिथे पोहोचल्यावर हेच काम कुरिअरने करायचे म्हटले तर दसपट मनस्ताप होतो.

आता आपल्याकडची खास अडचण. मराठी बाईची नावे मोजायला बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, विवाह प्रमाणपत्रावर एक, आधारवर नवऱ्याचे नाव मधे, आणि पासपोर्टवर मधले नाव कधी आहे, कधी नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव नुसते ‘सौ. सुनीता’ लिहिलेलेही मी पाहिले आहे. सौदीच्या यंत्रणेत पासपोर्टवर जे आहे तेच तुमचे नाव. बाकी कागद त्याच्याशी जुळले पाहिजेत, निदान ही एकच व्यक्ती आहे असे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद हाताशी हवी. इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ए’ जास्त झाला तरी पडताळणी अडते. त्यात अरबी लिपीत ‘प’ नाही, त्यामुळे इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, पल्लवीची ‘बल्लवी’ होते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्या अरबी कागदांवर एकच रूप आहे ना, एवढे बघत जा.

आणखी एक गोष्ट नवऱ्याला विचारून घ्या: त्याच्या इकाम्यावर हुद्दा काय लिहिला आहे? कुटुंब आणता येईल की नाही हे पगाराइतकेच त्या हुद्द्यावर ठरते. कंपनीने घाईत इंजिनिअरला कामगाराचा व्हिसा दिला असेल तर आधी तो हुद्दा बदलून घ्यावा लागतो, आणि मगच फॅमिली व्हिसाचा अर्ज करता येतो. या काळात व्हिजिट व्हिसावर जाऊन यायला हरकत नाही. मात्र व्हिजिट व्हिसावर इकामा मिळत नाही, आणि इकाम्याशिवाय मुलांची शाळा व इतर बरीच कामे खोळंबतात.

इकामा कोणाच्या हातात

इकामा म्हणजे निवासाचा परवाना. नवऱ्याचा कफील, म्हणजे पुरस्कर्ता, त्याची कंपनी असते. तुमचा कफील तुमचा नवरा. हे वाक्य दोनदा वाचा, कारण तिथल्या आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल यातच आहे. मुंबईत किंवा नाशिकमध्ये स्वतःच्या पगारावर घर चालवणारी बाई तिथे उतरताच कागदोपत्री ‘डिपेंडंट’ होते. नवऱ्याचा इकामा संपला की तुमचाही संपला. त्याची नोकरी गेली की घड्याळ दोघांसाठी सुरू झाले.

देशाबाहेर जायचे तर दर वेळी एक्झिट री-एंट्री व्हिसा लागतो. तो नवरा ‘अबशर’ या सरकारी ॲपवरून काढतो. एका फेरीचा, दोन महिन्यांचा व्हिसा २०० रियालचा असतो आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल वाढतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात येऊन मुक्काम लांबला तर ही मुदत डोळ्यांत तेल घालून पाहा. इकामा चालू असेपर्यंत ती अबशरवरून वाढवता येते. दोन्ही संपल्या की परत जाणे हे नव्याने व्हिसा काढण्याचे प्रकरण होऊन बसते. तारखा कधी इसवी सनात, कधी हिजरीत दिसतात. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी याच सुमारास’ असा अंदाज बांधू नका. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैशांचा हिशेबही आधी मांडा. २०१७ च्या जुलैत प्रत्येक डिपेंडंटमागे दरमहा १०० रियालची फी सुरू झाली. ती दर वर्षी १०० ने वाढत २०२० पासून ४०० झाली. म्हणजे एका माणसामागे वर्षाला ४,८०० रियाल, रुपयांत लाखाच्या वर. बायको आणि दोन मुले असतील तर तीन लाखांहून अधिक रुपये नुसते राहण्यासाठी जातात, आणि ते इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरावे लागतात. ऑफर लेटरमध्ये ही फी कंपनी भरणार की आपण, हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर विचारायला लाजू नका. याच फीमुळे कितीतरी भारतीय कुटुंबांनी २०१७ नंतर बायको-मुलांना परत पाठवले. खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे, तोही हिशेबात धरा.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे ते हे. इकामा हातात आला की त्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर, स्वतःच्या बोटाच्या ठशावर मोबाईलचे सिमकार्ड घ्या. त्या क्रमांकावर स्वतःचे अबशर खाते उघडा. नवऱ्याच्या नावावरचे दुसरे सिम वापरणे सोपे असते, आणि पुष्कळजणी वर्षानुवर्षे तेच करतात. पण तिथे रुग्णालयाच्या नोंदणीपासून चलनाच्या दंडापर्यंत प्रत्येक गोष्टीचा ओटीपी फोनवर येतो. नवरा साइटवर किंवा रिगवर असताना तो ओटीपी तुमच्या हातात नसेल तर बाहेर पडण्याच्या सगळ्या सवलती असूनही तुम्ही घरातच बसाल. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. नवऱ्याच्या पासपोर्टची, इकाम्याची, कंपनीच्या कराराची आणि विम्याच्या कार्डाची छायाप्रतही. घराच्या राष्ट्रीय पत्त्याचे चार अक्षरे आणि चार आकडे असे छोटे रूप असते, तेही पाठ करा. रुग्णवाहिकेला ते एवढे सांगितले तरी पुरते.

रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७. आरोग्य मंत्रालयाची मदतवाहिनी ९३७. रियाध, मक्का, मदिना आणि पूर्व प्रांतात एकत्रित आपत्कालीन क्रमांक ९११.

कपडे, थोडक्यात

परदेशी बाईला अबाया घालण्याची सक्ती नाही. अंगभर, सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, एवढेच सार्वजनिक शिष्टाचाराचे नियम सांगतात. डोके झाकणे बंधनकारक नाही. पंजाबी ड्रेस आणि ओढणी यावर मॉल, शाळा, दवाखाना सगळे निभते. टिकली आणि मंगळसूत्राला मला कधी कोणी हटकले नाही. तरीही एक अबाया जरूर घ्या, आणि तो तिथेच घ्या. समोरून उघडा, हलक्या रंगाचा, घरच्या कपड्यांवर चढवून खालच्या दुकानात जाता येईल असा. सरकारी कार्यालयात, लहान गावात किंवा जुन्या बाजारात त्याने वावर सोपा होतो. धर्मापेक्षा सोयीचा कपडा म्हणून बघितले की कटकट वाटत नाही. तेरेखोल ते डहाणू कुठल्याही गावात सासरी पहिल्यांदा जाताना आपण काय घालायचे याचा विचार करतोच की.

पुरुषाशी ओळख करून देताना हात आपणहून पुढे करू नका. तळहात छातीवर ठेवून ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणालात तर समोरच्यालाही हायसे वाटते.

दिवस उलटा चालतो

आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी मुलांची शाळा असते. शुक्रवारी सकाळी शहर झोपलेले असते, दुकाने दुपारी चारच्या सुमारास हलू लागतात. त्या दिवशी दूध-पाव संपला तर पंचाईत होते, म्हणून गुरुवारी रात्री फ्रिज बघून ठेवायचा. नमाजाच्या वेळी दुकाने उघडी ठेवायची परवानगी असली तरी गल्लीतला बकाला, म्हणजे किराणा दुकान, आणि शिंपी अजूनही पंधरा-वीस मिनिटे शटर ओढतात. फोनमध्ये नमाजाच्या वेळांचे ॲप ठेवले की फेरी फुकट जात नाही.

खरे शहर रात्री जागे होते. उन्हाळ्यात रियाधला कोरडी भट्टी असते. दम्माम-जुबैलला समुद्राच्या दमटपणाने जीव जातो. चष्मा घालून गाडीतून उतरलात की काचा धुरकटून दिसेनासे होते. लहान मुलांना रात्री दहाला बागेत खेळताना बघून आपल्याला पहिल्यांदा राग येतो. दोन महिन्यांनी आपणही त्याच वेळी घसरगुंडीखाली उभ्या असतो.

रमजानात हे उलटे चक्र पूर्ण होते. उपवासाच्या वेळात रस्त्यावर, गाडीत, ऑफिसमध्ये कुणासमोर खाणे-पिणे टाळावेच लागते, मग तुम्ही कोणत्याही धर्माच्या असा. पाण्याची बाटलीसुद्धा. घरात काहीही करा. लहान मुलांना मात्र कोणी काही म्हणत नाही. उपाहारगृहे दिवसभर बंद, मग इफ्तारनंतर रात्री दोन-अडीचपर्यंत बाजार फुललेला. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावर गाडी काढू नका. उपाशी, तहानलेले लोक घराकडे सुसाट निघालेले असतात. त्या महिन्यात सरकारी कामे आधीच उरकून घ्या, कामाचे तास कमी झालेले असतात.

शेजारीण सौदी असेल तर याच महिन्यात तिच्याकडून थाळे येते. रिकामे परत करू नका, हे आपल्याकडेही ठाऊक आहेच. भजी, बेसनाचे लाडू, ढोकळा हे हातोहात खपते. घरी बोलावले तर बायकांची बैठक वेगळी असते आणि तिथे अबाया उतरवून मंडळी नटूनथटून बसलेली असतात. पैठणी नेसायची खरी जागा तीच. कडवट, वेलदोड्याचा काहवा लहान पेल्यात येतो आणि पेला रिकामा झाला की भरला जातो. पुरे झाले तर पेला हलकेच हलवून परत द्यायचा. तोंडाने नको-नको म्हणत बसलात तर यजमानीण भरतच राहील.

स्वयंपाकघर आणि बॅग

इथे थोडे रेंगाळते, कारण मराठी बाईची बॅग याच बाबतीत धोक्याची असते. खसखस सौदीत निषिद्ध आहे, अमली पदार्थांच्या गटात. आता आपल्या घरात खसखस कुठे-कुठे असते ते आठवा: अनारशांवर, डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांत, काही घरांच्या गोड्या मसाल्यात, काळ्या मसाल्यात, करंजीच्या सारणात. सासूबाईंनी प्रेमाने भरून दिलेल्या डब्यात ती आहे की नाही हे विचारून घ्या, आणि असेल तर तो डबा मायेने घरीच ठेवा. जायफळही नेऊ नका, तिकडे त्यालाही हरकत घेतात. पुरणाला आणि श्रीखंडाला वेलची पुरते. गुटखा, पानमसाला, डुकराचे मांस, दारू यांचे सांगायला नकोच.

औषधांचे तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे सिरप, ट्रमाडॉल, अल्प्राझोलाम, मज्जातंतूंच्या दुखण्यावर सर्रास लिहून दिले जाणारे प्रीगॅबालिन ही औषधे तिथे नियंत्रित आहेत. आपल्याकडे औषधवाला सहज काढून देतो म्हणून ती साधी होत नाहीत. रोजचे औषध यातले असेल तर निघण्याआधी सौदीच्या अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी ऑनलाइन मिळते का ते पाहा. इतर औषधांसाठीही इंग्रजी प्रिस्क्रिप्शन आणि मूळ पाकीट हवे. सुट्या गोळ्यांची पुडी करू नका. शेजारणीच्या भावासाठी म्हणून कोणी पार्सल दिले तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि उघडू देत नसतील तर मुळीच घेऊ नका. या एका बाबतीत भिडस्तपणा फार महाग पडू शकतो.

बाकी खाण्याचे हाल होत नाहीत. रियाधच्या बथा भागात, दम्मामच्या सीको बाजारात, जेद्दाच्या शरफियात कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, इडलीचे पीठ सगळे मिळते, कारण केरळची माणसे आपल्या आधी तिथे पोहोचली आहेत. बकाल्यात ‘लबन’ नावाने जे मिळते ते म्हणजे ताकच. शाकाहारी असाल तर अफगाणी भट्टीवरची गरम तमीस रोटी आणि सोबत ‘फूल’ ही घेवड्यासारख्या बियांची उसळ किंवा ‘अदस’ ही मसुरीची डाळ, हा दोघांच्या पोटाला पुरणारा स्वस्त नाश्ता आहे. उपाहारगृहात मात्र नुसते मांस नको म्हणालात तर चिकन येते. ‘ला लहम, ला दजाज, ला समक’ असे मांस, कोंबडी, मासे तिन्ही वगळून सांगावे लागते, आणि तरी सूप कशाचे आहे ते विचारावे.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. पूर्व प्रांतात कतीफचा मासळी बाजार पाहून कोकणातली बाई हरखते. पापलेटला तिथे झुबैदी म्हणतात, सुरमईला कनअद, कोळंबीला रुबियान, आणि हामूर तर सगळ्यांचा लाडका. आखातातल्या कोळंबीचा हंगाम ऑगस्टच्या पहिल्या तारखेला उघडतो आणि जानेवारीअखेर बंद होतो. पहिल्या आठवड्यांत घेऊन साफ करून फ्रीझरमध्ये टाकली की वर्षाची बेगमी. खजुरासाठी अल-अहसाचा खलास मागा.

फोन

सौदीत परक्या माणसाचा, विशेषतः बाईचा, फोटो काढू नये हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय कायदाही आहे. २००७ च्या सायबर गुन्हे कायद्यात कॅमेरा-फोनने दुसऱ्याच्या खाजगीपणावर घाला घातल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड आहे. सार्वजनिक सुव्यवस्था किंवा धार्मिक मूल्ये दुखावणारा मजकूर तयार केला किंवा पाठवला तर पाच वर्षे आणि तीस लाख रियालपर्यंत. शाळेच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत दिवसभर काय फिरते ते आठवा. जाण्याआधी त्यातले राजकीय आणि धर्मावर बोलणारे गट सोडा, फोन साफ करा, आणि तिथे पोहोचल्यावर कोणतेही फॉरवर्ड पुढे पाठवू नका. चेष्टेतलेसुद्धा.

कायद्याची दुसरी बाजूही बाईने जाणून घ्यावी. २०१८ मध्ये छळविरोधी कायदा आला. शेरेबाजी, पाठलाग, फोनवरून त्रास याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. टॅक्सीवाला किंवा दुकानदार आगाऊपणा करत असेल तर ‘आपण परक्या देशात’ म्हणून गिळून टाकायची गरज नाही. आवाज चढवला की आजूबाजूचे लोक तुमच्या बाजूने उभे राहतात, हा माझा अनुभव.

देव, सण आणि बहरीनचा पूल

सौदीत मंदिर नाही, आणि दुसऱ्या धर्माच्या सार्वजनिक पूजेला परवानगी नाही. घरात दार लावून केलेल्या पूजेत सहसा कोणी डोकावत नाही. माझे मत असे की मूर्ती नेऊ नयेत, पाकिटात मावेल एवढी तसबीर पुरे. गणपती कणकेचा किंवा हळदीचा करावा, बादलीत विसर्जन करावे, आरती टाळ्यांवर म्हणावी आणि तिचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नये. ज्यांना हे मानवणार नाही त्यांनी जाण्याआधीच विचार केलेला बरा. तिथे जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

पूर्व प्रांतात, म्हणजे खोबर, दम्माम, जुबैलला राहणाऱ्यांना एक वाट आहे. १९८६ मध्ये खुला झालेला २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे ओलांडला की बहरीन. मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचे सुमारे दोनशे वर्षांचे मंदिर आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन दर्शन, मग थाळी, मग परत, असा खोबरच्या कितीतरी भारतीय घरांचा शिरस्ता असतो. त्यासाठी एकाहून अधिक फेऱ्यांचा एक्झिट री-एंट्री आणि बहरीनचा वेगळा व्हिसा हवा. गुरुवारी संध्याकाळी पुलावर निघू नका, अर्धी सौदी तिकडेच चाललेली असते.

जेद्दाला राहणाऱ्यांना आणखी एक सूचना. मक्का शहरात मुसलमानेतरांना प्रवेश नाही. जेद्दाहून थंड हवेच्या ताइफला जाताना महामार्गावर मुसलमानेतरांसाठी वेगळा फाटा दाखवणारी पाटी येते. मोबाईलचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून सरळ मक्केत नेईल. नकाशाचे ऐकू नका, पाटीचे ऐका.

घराबाहेर

गाडी चालवायला शिका. येत असेल तर भारतातला परवाना घेऊन जा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आधी चाचणी घेतात आणि तुम्हाला किती येते त्यावर किती तास शिकायचे ते ठरते. नवऱ्याची परवानगी लागत नाही. वाहतूक उजवीकडून, वेग भन्नाट, आणि ‘साहेर’चे कॅमेरे क्षणात दंड आकारतात. रियाधमध्ये १ डिसेंबर २०२४ पासून मेट्रो सुरू झाली आहे. सहा मार्ग, १७६ किलोमीटर, आणि डब्यात कुटुंबांसाठी वेगळा भाग. ज्या शहरात पूर्वी ड्रायव्हरशिवाय बाईला भाजी आणता येत नव्हती तिथे हे लहान काम नाही.

कामाचे काय, हा प्रश्न प्रत्येक शिकलेली बाई विचारते. डिपेंडंट इकाम्यावर थेट पगारी नोकरी करता येत नाही. काही क्षेत्रांत, मुख्यतः खाजगी शाळांत, ‘अजीर’ परवान्यावर काम मिळते. नाहीतर इकामा स्वतःच्या कंपनीकडे बदलून घ्यावा लागतो. भारतीय शाळांना शिक्षिका लागतातच, म्हणून बी.एड. असेल तर ते प्रमाणपत्र अपोस्टिल करूनच न्या. घरी शिकवणी किंवा केकचा धंदा परवान्याशिवाय उघडपणे करू नका. योगाला सौदीने नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्यामागे असलेल्या नौफ मरवाई या सौदी बाईंना पुढच्याच वर्षी भारताने पद्मश्री दिली. योगशिक्षिका असाल तर रीतसर मार्ग आहे.

स्वतः नोकरीसाठी जाणाऱ्या बाईला वेगळे नियम आहेत. ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवर तीस वर्षांखालील बाईला, परिचारिका सोडून, सौदीसारख्या देशांत कामाला जाण्याची मंजुरी आपले सरकार देत नाही. एजंट ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो’ म्हणाला की तिथेच संभाषण थांबवा. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर असते. अडकलेल्या बाईची तक्रार घरच्यांना भारतातून ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवता येते. निघण्यापूर्वी दोन्हींचे पत्ते घरच्यांच्या फोनमध्ये घालून द्या.

बाळंतपण तिथे करायचे ठरले तर विम्यात प्रसूतीची मर्यादा किती ते आधी विचारा. सिझेरियन झाले तर वरचा खर्च कोण देणार तेही. बाळ झाल्यावर सौदी जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट आणि इकामा या क्रमाने कागद होतात, आणि त्यांना विलंब झाला तर दंड आहे. आई मदतीला यायची असेल तर तिचा व्हिजिट व्हिसा सातव्या महिन्यातच काढायला घ्या.

परतायचे ठरले की ‘फायनल एक्झिट’ घेतात. तो निघाल्यापासून साठ दिवसांत देश सोडायचा असतो. त्याआधी वाहतुकीचे दंड, वीज-पाण्याची बिले, फोनचे करार मिटवलेले हवेत, कारण थकबाकी असेल तर व्हिसा निघत नाही. गाडी विकून नाव उतरवायला वेळ लागतो, ती सर्वात आधी काढा. मुलांच्या शाळेचा दाखला इथल्या बोर्डाच्या शाळेत चालेल अशा शिक्क्यांसह घ्या, लसीकरणाची नोंद इंग्रजीत मागा, आणि स्वतःच्या नावाचे सिम विमानतळावर जाईपर्यंत बंद करू नका, शेवटचा ओटीपी त्याच्यावरच येतो.